उंची सहा फूट एक, चपलेचा नंबर ५: बूट घ्यायचे कसे

दुकानात शिरलो की तिथला पोरगा मान वर करून बघतो आणि न विचारताच १० नंबर काढायला पळतो, मग मी ५ म्हटलं की "भाच्यासाठी का?" असो.

सगळ्यात आधी नंबर विसरा नि पाय मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. कागद ठेवायचा, भिंतीला टाच टेकवून उभं राहायचं, जे बोट सगळ्यात पुढे येतं (दरवेळी अंगठाच असतो असं नाही) तिथे खूण, आणि दोन्ही पाय मोजायचे कारण क्वचितच सारखे निघतात, मोठा असेल तो धरायचा. माझा २३.८ सेमी. ऑनलाइन घेताना साइज चार्टमध्ये हाच आकडा शोधा, युके ५ म्हणजे युरोपियन ३८ च्या आसपास, पण प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळंच गणित.

आता गोची अशी की बहुतेक जेन्ट्स बूट ६ पासून सुरू होतात. कॉलेजात मी ७ घेऊन पुढे कापूस कोंबायचो, का तर पाय मोठे दिसावेत. हे करू नका राव. टाच आत सटकते, फोड येतात, आणि जिन्यात बुटाचं नाक अडकून मी तोंडावर आपटलोय, उंच माणूस पडतो पण केवढा! एका नंबरात जवळपास साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. अर्धा नंबर इनसोलने निभतो, त्यापुढे नाही.

त्यापेक्षा लेडीज सेक्शनला जा, बिनधास्त. युके मापात लेडीज ५ आणि जेन्ट्स ५ ची लांबी तीच, फक्त बूट बऱ्याचदा अरुंद असतो म्हणून चवडा दाबतोय का ते चालून बघा. काळे रनिंग शूज कुणाला कळतही नाहीत. लहान मुलांचे स्वस्त पडतात, पण सोल हलक्या वजनाचा, माझ्या ८२ किलोखाली चार महिन्यांत चपटा.

कोल्हापुरी मात्र मापाची करून घ्या, पायाची आउटलाइन काढलेला कागद सोबत न्या. चामडं वापरून सैल होतं, त्यामुळे सुरुवातीला घट्टच बरी. देवळाबाहेरून चोरीलाही जात नाही, कुणाच्या पायात शिरेल तर ना.

घोळदार पँट नको, पाय गायबच होतात, सरळ फिटची घ्या.

आणि कामावर सेफ्टी शूज लागत असतील तर जॉइन व्हायच्या आधीच नंबर कळवा. माझे यायला तीन आठवडे लागले, तोवर मी सहा फुटी माणूस ऑफिसात बसून फायली लावत होतो.