पेटंटची फी भरताना: १२ जून आमच्या भिंतीवर का लिहिलाय

नाशिकला अंबडमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरला लागणारे नोझल आम्ही बनवतो. मशीन भाऊ बघतो, हिशेब माझ्याकडे. एका नोझलच्या पेटंटचा अर्ज आम्ही १२ जून २०१७ ला केला, पेटंट मिळालं नोव्हेंबर २०२१ मध्ये. पेटंट चालू ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाची फी भरावी लागते. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षाची साठलेली फी तेव्हा एकदम भरली आणि मी निर्धास्त झाले. पुढची फी पुढच्या नोव्हेंबरात, असं धरून चालले.

वर्ष मोजतात ते अर्जाच्या तारखेपासून. सहाव्या वर्षाची फी १२ जून २०२२ च्या आत जायला हवी होती आणि माझ्या लक्षात आलं २० सप्टेंबरला. फी ८०० रुपये, वर फॉर्म ४ भरून चार महिन्यांची मुदतवाढ, महिन्याला ४८० रुपये. झाले २,७२०. पैशांपेक्षा धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ही मुदतवाढ सहाच महिन्यांची असते. १२ डिसेंबर उलटला असता तर पेटंट बंद पडलं असतं. मग १८ महिन्यांच्या आत फॉर्म १५ भरून ते पुन्हा सुरू करून मागायचं, फी मुद्दाम चुकवली नाही हे पटवून द्यायचं. आणि बंद पडल्यापासून तो अर्ज प्रसिद्ध होईपर्यंत कुणी आमचं नोझल बनवून विकलं असतं, तर त्या काळासाठी त्याच्यावर दावाही करता आला नसता. भावाची तीन वर्षांची मेहनत आहे त्यात.

तेव्हापासून ऑफिसच्या भिंतीवर १२ जून मोठ्या अक्षरात आहे. आमचं पेटंटचं काम पाहणाऱ्या एजंटच्या आठवणीच्या मेलवर मी विसंबत नाही. आमच्याकडे तो मेल नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर जात होता. दर एप्रिलमध्ये पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्टर, म्हणजे पेटंटची ऑनलाइन नोंदवही, उघडते. पेटंट चालू आहे का आणि पुढची फी कधी, दोन्ही तिथे दिसतं. भरल्यावर पावती फाइलला लावते आणि काही दिवसांनी रजिस्टरमध्ये नोंद झाली का ते पुन्हा पाहते.

दर असे: तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ८००, सातव्या ते दहाव्या २,४००, अकराव्या ते पंधराव्या ४,८००, सोळाव्या ते विसाव्या ८,०००. हे ऑनलाइन भरण्याचे आणि लहान उद्योगाचे दर. उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) जोडून फॉर्म २८ द्यायला विसरू नका. मोठ्या कंपनीला हेच पाचपट पडतं: वीस वर्षांचे आपले ७६,८००, त्यांचे ३,८४,०००. पुढे उलाढाल वाढून तुम्ही लहान उद्योग राहिला नाहीत, तर त्या कारणाने फरक मागत नाहीत. पण पेटंटचा अर्ज मोठ्या कंपनीच्या नावावर केलात तर फरक भरावा लागतो. विक्रीचा करार करताना तो कोण भरणार हे लिहून घ्या.

मार्च २०२४ पासून किमान चार वर्षांची फी ऑनलाइन आगाऊ भरली तर १० टक्के सूट आहे. आम्ही मे २०२५ मध्ये नववं ते बारावं वर्ष एकदम भरलं, १४,४०० चे १२,९६० झाले. माल खपतोय म्हणूनच भरलं, कारण गेलेली फी सहसा परत मिळत नाही.

एजंटच्या बिलात सरकारी फी आणि त्यांची फी वेगळी लिहून मागा. ‘आंतरराष्ट्रीय नोंदणी’साठी पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी पत्रं येतात, कारण अर्ज प्रसिद्ध झाला की आपला पत्ता सगळ्यांना दिसतो. एजंटला दाखवल्याशिवाय अशा पत्रावर रुपयाही भरू नका.

आमचा दुसरा अर्ज जुन्या नमुन्याच्या नोझलचा, त्याचंही पेटंट मिळालेलं. त्याचं सातवं वर्ष आलं तेव्हा फी तिप्पट होणार होती. मी भावाला तीन वर्षांची विक्री काढून दाखवली. तीस नगही नव्हते. ते आम्ही सोडून दिलं.