आचारसंहितेआधी नाट्यमंडळांनी करायची तयारी

गोव्यात विधानसभेची निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला येते. मागच्या दोन खेपांना कार्यक्रम जाहीर झाला तो २०१७ मध्ये ४ जानेवारीला आणि २०२२ मध्ये ८ जानेवारीला. त्याच क्षणी आचारसंहिता लागते आणि नवी योजना, नवं अनुदान सगळं ठप्प होतं. तेव्हा कलेसाठी वाढीव निधी पदरात पाडून घ्यायचा असेल तर चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की कामाला लागायचं.

आधी स्वतःचा हिशोब. आपली मंडळं इथेच उघडी पडतात. देवळासमोरच्या उत्सवी नाटकाचा खर्च खजिनदाराच्या डोक्यात असतो, फार तर वहीच्या मागच्या पानावर. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक प्रयोगाचे आकडे सुटे काढा: सभागृहाचं भाडं, प्रकाश, ध्वनी, नेपथ्य आणि ते वाहणारा टेंपो, रंगभूषा, तालमीच्या रात्रींचा चहा-पाव. पदरमोडीची ओळ मात्र हटकून लिहा. नटांनी खिशातून घातलेले पैसे ‘वर्गणी’त मिसळून टाकले, तर वाचणाऱ्याला वाटणार की यांचं उत्तम चाललंय, यांना अनुदान कशाला?

मग सरकारचा हिशोब. कला व संस्कृती संचालनालयाकडे माहिती अधिकारात तरतूद किती, खर्च किती आणि प्रत्यक्ष कलाकारांच्या हातात किती पडले, ते विचारा. बांधकाम खात्याकडे वेगळा अर्ज करा, कारण पणजीतल्या कला अकादमी या सरकारी नाट्यसंकुलाच्या नूतनीकरणाचं काम त्याच खात्याकडे होतं. उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणून उशीर नको. पैसे मागायला गेलं की अकादमीवरचे कोट्यवधी रुपये आपल्या तोंडावर फेकले जातात. १७ जुलै २०२३ ला तिथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं, ते कोणी विसरलेलं नाही. पण छप्पर टिकलं असतं तरी सिमेंटचा खर्च हा कलेचा खर्च नव्हे, आणि हे सांगायला हातात दोन वेगळे आकडे हवेत.

मागण्या तीनच ठेवा. स्पर्धेत उतरणाऱ्या नाटकाला निर्मितीसाठी आगाऊ रक्कम, रवींद्र भवनांत (सरकारी नाट्यगृहांत) तालमीला सवलतीचा दर, वृद्ध कलाकारांचं मानधन दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. प्रत्येकीपुढे वर्षाचा अंदाजे खर्च लिहा. जाहीरनाम्यातल्या आश्वासनासाठी पैसा कुठून आणणार ते पक्षांनी सांगावं, असं निवडणूक आयोगाची मार्गदर्शक तत्त्वंच म्हणतात. तो आकडा आपणच दिला, तर जाहीरनामा लिहिणाऱ्याचं अर्धं काम होतं. ‘कलेला राजाश्रय मिळावा’ असली वाक्यं खोडा. त्यांना कोणीही हसत हसत हो म्हणतं.

एकट्या नाटकवाल्यांनी जाऊ नका. भजनी मंडळं, दशावतारी, तियात्रवाले (कोंकणी संगीत नाटकवाले) सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर घ्या. मराठी-कोंकणीचा वाद त्या दिवशी घरी ठेवा. (अवघड आहे, माहीत आहे.) ४० मतदारसंघांच्या या राज्यात सह्यांना वजन आहे. २०२२ ला सांत आंद्रेच्या जागेचा निकाल ७६ मतांनी लागला आणि साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी निवडून आले. एका गावातली भजनी मंडळं मोजा, म्हणजे अंदाज येईल.

भेट प्रत्येक उमेदवाराची घ्या, फक्त ओळखीच्याची नको. कागद एकच पान, बोलणारा एकच, बाकीच्यांनी मान डोलवायची. त्याने मंडळाला स्पीकरचा संच देऊ केला तर नम्रपणे नको म्हणा. तो घेतला की पुढची पाच वर्षं तोच निधी समजला जातो. होकार मिळाला तर लेखी मागा, निदान त्याच्या पक्षाच्या जाहीरनामा समितीकडे आपला कागद पोचल्याची पोच तरी घ्या.

निकालानंतरच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी एका तारांकित प्रश्नाचा (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्याचा) मसुदा आत्ताच लिहून ठेवा. जिंकलेल्याकडे हार घेऊन जाल, तेव्हा तोही सोबत न्या.