शर्यतीच्या जुन्या फोटोत रंग भरायचा? आधी फिल्म ओळखा

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल गाडी काळी दिसते आणि निळी गाडी पांढुरकी. मोटार शर्यतींच्या फोटोत रंग भरताना सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो.

१९२० च्या दशकापर्यंतचे बहुतेक फोटो ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटवर निघत. या प्लेटला लाल उजेड जवळजवळ दिसतच नाही, निळा मात्र गरजेपेक्षा जास्त दिसतो. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, ती सगळे रंग पकडते. स्टँडवर फ्रान्सचा झेंडा असेल तर झूम करून पाहा. निळा पट्टा पांढऱ्यात मिसळलेला आणि लाल पट्टा काळाकुट्ट, तर फोटो ऑर्थो. दोन्ही पट्टे मधल्या करड्या छटेचे, तर पॅन. झेंडा नसेल तर ओठ बघा; ऑर्थोत ते विडा खाल्ल्यासारखे गडद येतात.

फोटोसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'गॅलिका' हा ऑनलाइन संग्रह बघा, त्यात एजन्स रोल या जुन्या फ्रेंच फोटोसंस्थेचे शर्यतींचे भरपूर फोटो आहेत. फाइल मिळेल तेवढी मोठी घ्या, गावात नेट धिमं असेल तर रात्री डाउनलोडला लावा. घरचा छापील फोटो तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांत), टिफ फाइल असं स्पष्ट सांगा, नाहीतर २०० डीपीआयची पीडीएफ हातात येते. स्कॅनर १६ बिट देत असेल तर तेच घ्या, त्यात ८ बिटपेक्षा छटा जास्त असतात. फाइल पेन ड्राइव्हवरच आणा, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की बारकावे गेले.

गाडीचा रंग अंदाजाने ठरवू नका, देशावरून ठरवा. इटली लाल, फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, बेल्जियम पिवळा. जर्मनी आधी पांढरा, १९३४ पासून चंदेरी. अपवाद असतात: १९२४ च्या टार्गा फ्लोरिओ या सिसिलीतल्या शर्यतीत जर्मनीच्या मर्सिडीजने आपल्या गाड्या मुद्दाम लाल रंगवल्या होत्या, इटलीच्या प्रेक्षकांना त्या परक्या वाटू नयेत म्हणून. त्यामुळे शर्यत आणि साल हाती लागल्याशिवाय गाडीच्या पत्र्याला हात लावू नका.

आता गिंप हे फोटो सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर उघडा. 'मोड' आरजीबी करा, 'प्रिसिजन' १६ बिट. फोटोची मूळ लेयर (चित्राचा थर) तशीच ठेवून तिची प्रत काढा, ओरखडे 'हील' टूलने त्या प्रतीवरच भरा. ५ बाय ७ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला ३००० बाय ४२०० पिक्सेलचा होतो, म्हणजे दर लेयरला सुमारे १०० एमबी मेमरी. ४ जीबीच्या संगणकावर दहा लेयर झाल्या की तो अडखळतो, तेव्हा चित्र आधी अर्ध्या मापाचं करा. लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, दर लेयरनंतर सेव्ह करा.

लाल गाडी ऑर्थो फोटोतली असेल तर आधी उजेड सुधारायचा, रंग नंतर. पत्र्याभोवती 'पाथ' टूलने कड काढा, सिलेक्शन करून २ पिक्सेल फेदर द्या, म्हणजे कड मऊ होते. 'कर्व्ह्ज'मध्ये (० काळा, २५५ पांढरा) उन्हातला पत्रा ४० च्या आसपास दिसेल, तो १०० पर्यंत उचला. चकाकणारे ठिपके आणि खोल सावल्या जागच्या जागी राहू द्या. मग नवी लेयर, मोड 'एलसीएच कलर', तिच्यात लाल २१२, हिरवा ०, निळा ०. उजेड न उचलता हाच लाल टाकला तर पत्रा काताच्या रंगाचा दिसतो, कारण हा मोड फक्त रंग बदलतो, खालचा अंधार तसाच ठेवतो. उचलताना पत्र्यावर पट्टे उमटले तर स्कॅन ८ बिटचा आहे. थोडा ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) मिसळला की ते झाकतात. भिवापुरी मिरचीइतका भडक लाल वाटला तर लेयरची ओपॅसिटी (गडदपणा) ८० टक्क्यांवर आणा. फ्रेंच निळ्याला नेमकं उलटं करायचं: १९० चा पत्रा १३० पर्यंत खाली आणा, नाहीतर फ्रान्सची बुगाटी गाडी नीळ दिलेल्या धोतरासारखी दिसते.

चंदेरी गाडीला करडा रंग फासू नका. तो पत्रा आरशासारखा असतो. बॉनेटच्या वरच्या वळणावर आकाशाचा फिका निळा, खालच्या अंगाला रस्त्याचा मातकट रंग, दोन्ही अगदी १० ते १५ टक्के ओपॅसिटीने. एवढ्यानेच धातू उजळतो.

रस्त्याचं भान ठेवा. आपल्या डोळ्यांत लाल मुरूम भरलेला असतो आणि हात आपसूक तोच रंग उचलतो. सिसिलीच्या डोंगरातली धूळ मात्र चुनखडीची, फिकी. १९०६ च्या फ्रान्समधल्या ल मान्सच्या ग्रां प्री शर्यतीत तर रस्त्यावर डांबर टाकलं होतं, ते उन्हाने वितळून चालकांच्या डोळ्यांत गेलं; तिथे मातीचा रंग भरला तर चित्र खोटं ठरतं. टायरही तपासा. १९१० पूर्वीचे टायर फिकट असत, काजळी मिसळून काळं रबर बनवणं नंतर रुळलं. फोटोत टायर पांढुरका दिसतोय तर तो काळा करू नका.

चेहऱ्यावर एकच कातडीरंग ओतला की माणूस मेणाचा होतो. गालाला आणि नाकाला थोडा जास्त लाल द्या, गॉगलखालची जागा स्वच्छ ठेवा, बाकी धूळ आणि तेल.

शेवटी फाइल दोन तऱ्हांनी ठेवा: लेयरसकट एक्ससीएफ (गिंपची स्वतःची फाइल), आणि वाटण्यासाठी जेपेग. जेपेगच्या नावातच 'रंग नंतर भरलेला' असं लिहा, म्हणजे पुढे कोणी त्यावरून गाडीचा खरा रंग ठरवणार नाही.