मेल्डचा आकडा म्हणजे उरलेले दिवस नव्हेत

"डॉक्टर, चवथीपर्यंत असतील ना हे?" जून महिना, गोव्यात वाळपईजवळचं घर, पडवीत उभ्या काकींचा प्रश्न. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या कामात येऊन मला चार महिनेही झाले नव्हते. काकांना लिव्हर सिरोसिस होता, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होत चाललं होतं. फाइलवर मेल्ड स्कोर 28, म्हणजे लिव्हरच्या आजाराची तीव्रता रक्ततपासणीवरून मोजणारा आकडा. हा स्कोर 90 दिवसांचा अंदाज देतो एवढं पाठ होतं, म्हणून मी सांगून टाकलं, "तीन महिने धरा."

या कामात नव्याने येणाऱ्यांनी ही चूक नीट समजून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेल्ड मुळात बिलिरुबिन (कावीळ), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम) यांवरून पुढच्या 90 दिवसांतला मृत्यूचा धोका सांगतो. माणसाकडे दिवस किती उरले, ते सांगत नाही. दवाखान्यात दाखल असलेल्यांत 20 ते 29 स्कोरचे साधारण पाचांतले एक जण तीन महिन्यांत दगावतात, 30 ते 39 मध्ये जवळपास निम्मे. म्हणजे काकांसारखे पाचांतले चार जण तीन महिन्यांनंतरही असतात. मी नेमकं उलटं वाचलं होतं.

त्यात तो 28 सिरोसिसमुळे पोटात साचलेल्या पाण्यात संसर्ग झाला होता त्या आठवड्यातला. अँटिबायोटिकने संसर्ग आटोक्यात आला, किडनी सावरली, स्कोर 19 झाला. काकांनी चवथीला समोर बसून माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधून घेतली. तीन महिने उलटले तरी काका होते, घर आनंदात होतं. माझ्या शब्दावरचा विश्वास मात्र उडाला होता.

म्हणून संसर्ग किंवा रक्तस्राव ओसरला की स्कोर पुन्हा काढा. दारू खरंच सुटली आहे का, ते विचारा. सुटली तर काही जणांचं लिव्हर पुष्कळ सावरतं. हातपाय वाळलेल्या माणसाचं क्रिएटिनिन कमी दिसतं, त्यामुळे स्कोरही कमी आणि फसवा येतो. पोटातलं पाणी आणि भ्रम मेल्डमध्ये धरलेच जात नाहीत, ते चाइल्ड-पग या लिव्हरच्या दुसऱ्या स्कोरमध्ये येतात.

आणि घरातल्या वस्तू बघा. काकांचं किराणा दुकान होतं. चवथीच्या आधीची खातेवहीची पानं सरळ ओळींची. दिवाळीनंतर आकडे रेघ सोडून घसरलेले, एकाच गिऱ्हाइकाची उधारी दोनदा मांडलेली. मेंदूवर परिणाम होऊ लागल्याची ती खूण होती. चौकशी केल्यावर कळलं, "जुलाब होतात" म्हणून काकींनी लॅक्टुलोज निम्मं केलं होतं. ते औषध दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होऊन मेंदूला त्रास देणारे घटक बाहेर पडावेत म्हणूनच असतं, हे मी त्यांना कधी समजावलंच नव्हतं. डोस पुरा केल्यावर तिसऱ्या दिवशी काका स्पष्ट बोलू लागले.

शेवटचे दिवस कुठे काढायचे, हे त्यांना विचारण्याची वेळ तीच होती. मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला ते बेशुद्ध झाले तेव्हा मी "आता घरीच ठेवूया" म्हटलं. काकी म्हणाल्या, "तुम्ही मागेही असंच म्हणाला होतात." काका आयसीयूत गेले, आठव्या दिवशी तिथेच वारले.

पोटातलं पाणी गोळ्यांना दाद देईनासं झालं किंवा भ्रम वरचेवर येऊ लागला की मी आता स्कोरची वाट पाहत नाही. माणूस शुद्धीत असतानाच खुर्ची जवळ ओढून बसते. कुणी चवथीचं विचारलं तर म्हणते, "आपण प्रयत्न करू, पण त्याआधीही काही होऊ शकतं. चवथीला तुम्हाला काय काय करायचंय, ते आज सांगा. त्यातलं या आठवड्यात काय करता येईल, ते बघू."