घाट चढणाऱ्या जुन्या रेसकार: या चुका टाळा

पोर्शे ९१० बर्गस्पायडर, पोर्शे ९०९, फेरारी २१२ ई. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपियन हिल क्लाइंब, म्हणजे घड्याळ लावून घाट चढण्याच्या स्पर्धांसाठी बांधलेल्या या दोन लिटर इंजिनाच्या गाड्या सर्किटवरच्या, म्हणजे बंद ट्रॅकवर फेऱ्या मारणाऱ्या रेसकारसारख्याच दिसतात. म्हणून त्यांना तसंच वागवलं जातं आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात. सर्किटवर गाडीला तापायला फेऱ्या मिळतात. घाटात गाडी एकटी, जागेवरून सुटते आणि शर्यत काही मिनिटांत आटोपते. जे तापायचं ते सुटण्याआधीच तापलेलं हवं.

घड्याळ बघून इंजिन तापवू नका, ऑईलच्या तापमानाचा काटा बघा. ड्राय सम्पच्या, म्हणजे इंजिनाबाहेरच्या वेगळ्या टाकीतलं ऑईल सावकाश तापतं. टायरचंही तेच. पहिल्या वळणावर मागची बाजू सुटली की सस्पेन्शनची सेटिंग बदलायला धावणारे पुष्कळ असतात. आधी टायर किती थंड होते ते विचारा.

सगळ्यात फसवा त्रास पेट्रोलचा. वजन वाचवायचं म्हणून टाकीत जेमतेम पेट्रोल टाकतात. मग चढ आणि अॅक्सिलरेशनमुळे ते मागे सरकतं, हेअरपिनमध्ये एका अंगाला जातं, टाकीतलं पेट्रोल खेचणारं तोंड (पिकअप) उघडं पडतं आणि गाडी वळणातून निघताना मिसिंग मारते. लोक प्लग बदलतात, पंप बदलतात. सपाटीवर गाडी ठणठणीत आणि फक्त वळणानंतर अडखळत असेल, तर थोडं जास्त पेट्रोल घालून पुन्हा चढवून बघा. ९०९मध्ये पोर्शेने यावर टोकाचा उपाय केला होता: टायटॅनियमची गोल टाकी, आत रबरी पिशवी आणि नायट्रोजनच्या दाबाने पेट्रोल इंजिनकडे. पंपच नाही! कल्पना भन्नाट, पण घरच्या वर्कशॉपमध्ये तिची नक्कल कुणी करू नये.

मिसिंग वळणापुरतं नसून वर जाताना वाढत गेलं आणि धूर काळा असेल, तर कारण उंचीचं. फ्रान्समधल्या मों व्हाँतू डोंगराचा जुना शर्यतीचा मार्ग बेद्वाँ गावाजवळ सुमारे ३०० मीटरवर सुरू होऊन १९०० मीटरच्या वर संपतो. तिथवर हवा साधारण १५ टक्के विरळ होते. गाडी कार्बुरेटरची असेल, तर पायथ्याला अचूक बसवलेलं मिश्रण शिखरावर घट्ट होणारच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. कार्बुरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) ठरवताना मार्गाच्या मधली उंची धरा. दोन्ही टोकांना थोडं सोसावं लागेल.

वजन कमी करायला जुन्या चौकटीला भोकं पाडू नका. या गाड्या मुळातच जेमतेम बांधलेल्या असतात. अॅल्युमिनियमच्या नळ्यांत तडा शोधायचा तर पोर्शेने पुढे ९१७ या रेसकारमध्ये वापरलेली युक्ती चांगली: नळ्यांत दाबाखाली वायू भरायचा, दाबाचा काटा उतरला की कुठेतरी गळती आहे.

आणि ब्रेक. ९०९च्या डिस्क बेरिलियमच्या होत्या. त्या धातूची धूळ फुफ्फुसांना घातक असते. मूळ डिस्क हाती आलीच, तर कानस आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. चालवायला पोलादी डिस्क बसवा, वजन वाढलं तरी.