बक कन्व्हर्टरची आयसी प्लग लावताक्षणीच जाते: माझा अनुभव

लक्षण: 24 व्होल्टचा प्लग चालू सप्लायला जोडला की बक कन्व्हर्टरची (जास्त डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट) आयसी मरते, तिच्या व्हीआयएन (इनपुट) आणि एसडब्ल्यू (इंडक्टरकडे जाणारी स्विचिंग) पिन एकमेकींना शॉर्ट. एरवी लोडवर आउटपुट स्थिर 5 व्होल्ट, गरमही होत नाही.

आयसी बदलली, मोठा इंडक्टर लावला, लोड कमी केला. फरक शून्य, डोकं फिरायची वेळ आली.

दोष इनपुटला होता. लांब वायरचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि इनपुटला फक्त सिरॅमिक कपॅसिटर: प्लग लावताना व्होल्टेज जवळजवळ दुप्पट उसळतं. मल्टिमीटरला हे दिसतच नाही.

आधी लोड काढा, नाहीतर शॉर्ट आयसीतून पूर्ण 24 व्होल्ट पुढे जातील. मग मेलेली आयसी काढा, सिरॅमिक राहू द्या. ऑसिलोस्कोप सिंगल मोडवर (एकदाच येणारी उसळी पकडून ठेवणारा), प्रोब इनपुट पॅडवर ठेवून प्लग लावा. माझ्याकडे 40 च्या वर शिखर, आयसीची मर्यादा 30! आता सिरॅमिकला समांतर, अगदी जवळ, 100 मायक्रोफॅरड 50 व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक (ध्रुवता बघून). लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) नको, साध्याचा अंतर्गत रोधच उसळी जिरवतो. मायक्रोफॅरडमध्ये तो सिरॅमिकच्या चार-पाच पट तरी हवा. पुन्हा मोजा. शिखर 27 च्या आत आलं, तेव्हाच नवी आयसी बसवली.