सौम्य दम्याच्या मुलांसाठी पंप की सिरप? या चुका टाळा

दमा असलेल्या मुलांना पंप, म्हणजे इनहेलर, कसा घ्यायचा हे शिकवणं हे माझं रोजचं काम. समोर बसलेले आईवडील काळजीनं बोलतात आणि बहुतेकदा सुरुवात एकाच वाक्यानं होते: “दमा साधाच आहे ना ताई, मग पंप कशाला? सिरपवर भागतंय की.” या समजुतीपायी मुलांना विनाकारण त्रास होताना मी इतक्यांदा पाहिलाय की आधी तिच्याबद्दलच लिहिते.

सिरप सौम्य आणि पंप जालीम, हा समज

जरा हिशेब मांडू. दम लागल्यावर देतात त्या साल्ब्युटामॉलच्या पंपातून एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर, १०० मायक्रोग्रॅम औषध निघतं. त्याच औषधाच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीला २ मिलिग्रॅम, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम असतं. चमचाभर सिरप म्हणजे वीस पफ. शिवाय ते पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर फिरून मग छातीत पोचतं. म्हणून गुण यायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, आणि वाटेत हृदय धडधडतं, हात थरथरतात, मूल चिडचिडं होतं, झोपत नाही. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत उतरतं. पाचेक मिनिटांत फरक दिसू लागतो.

एका रात्री सात वर्षांच्या मुलाला घेऊन आईवडील धावत आले. “हात बघा कसे थरथरतायत, फिट येतेय का?” नाडी भरभर चाललेली, मूल घाबरलेलं, आणि छातीतली घरघर तशीच. विचारल्यावर कळलं की संध्याकाळपासून सिरप तीनदा दिलं होतं. खोकला थांबेना म्हणून तिसऱ्यांदा तर वेळेच्या आधीच. पंप दिला नव्हता का, असं विचारलं, तर आईनं पर्समधून काढून दाखवला. महिन्यापूर्वी दिलेला, वेष्टनसुद्धा न उघडलेला. “अगदीच नाइलाज झाला तर द्यायचा म्हणून ठेवला होता, सवय लागेल ना,” ती म्हणाली. डॉक्टरांनी तपासून तोच पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून, द्यायला सांगितला. मी एकेक करून चार पफ दिले. पंधरा मिनिटांत घरघर कमी झाली, पोरगं बोलायला लागलं. हाताची थरथर मात्र पुढचे काही तास गेली नाही, कारण ती सिरपची होती.

पंपाची सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत होतो, कारण दमा तिथेच असतो. पण आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही हे समजा आणि डॉक्टरांना सांगा.

स्टिरॉइडला घाबरून पंप टाळायचा, आणि मग तोंडावाटे घ्यायचं

हा प्रकार मला सर्वांत जास्त खुपतो. आराम देणाऱ्या पंपाहून वेगळा, दमा आटोक्यात ठेवायला रोज घ्यायचा पंप स्टिरॉइडचा असतो. त्यात सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा कमी डोस साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम असतो. तो टाळला, दमा उसळला, की प्रेडनिसोलोन हे पोटात घ्यायचं स्टिरॉइड द्यावं लागतं. २० किलोच्या मुलाला दिवसाला किमान २० मिलिग्रॅम, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. दोन औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे आकडा आकड्याशी तंतोतंत जुळवता येत नाही. पण एक श्वासनलिकेपुरतं आणि दुसरं सगळ्या शरीराला, हा फरक ध्यानात घ्या. अटॅकमध्ये प्रेडनिसोलोनचा तीन ते पाच दिवसांचा कोर्स गरजेचा असतो आणि तेव्हा तो द्यायलाच हवा. वर्षातून चार वेळा ती पाळी आणणं मात्र टाळता येतं.

स्टिरॉइडच्या पंपानं मुलाची उंची कमी राहील ही भीती निराधार नाही, म्हणून ती झटकून टाकू नये. मुलांच्या दम्यावरच्या ‘कॅम्प’ नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासात काही मुलांनी रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड काही वर्षं घेतलं होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्यांची प्रौढ वयातली उंची, ते औषध न दिलेल्या गटापेक्षा, सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हा आकडा मी पालकांना स्वतःहून सांगते. सौम्य दम्याला डोस त्याहून कमी असतो, आणि उंची दर भेटीत मोजता येते.

पंपानं गुण येत नाही म्हणून गोळी मागणं

“गुण येत नाही” असं कुणी म्हटलं की मी आधी म्हणते, “माझ्यासमोर देऊन दाखवा.” एका वडिलांनी पाच वर्षांच्या मुलीला स्पेसर लावला, तीन पफ एकापाठोपाठ एक दाबले, आणि मास्क गालापासून बोटभर दूर, कारण तिला आवडत नाही. मुलगी रडत होती. रडताना औषध छातीत फारसं उतरतच नाही. त्यात तो पंप कधीचाच २०० पफ ओलांडून गेलेला. औषध संपलं तरी आतला वायू उरतो आणि फुस्स आवाज येत राहतो. अशा पंपावरून औषधाला नापास करायचं कसं?

मी असं करते: पंप हलवून घ्यायचा, एक पफ, मग पाच-सहा शांत श्वास, पुन्हा हलवून दुसरा पफ. मास्क घट्ट. रडू आलं तर थांबायचं, कडेवर घ्यायचं, पुन्हा सुरू करायचं. याला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं नाहीत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. नवा पंप आला की डब्यावर तारीख लिहायची.

बाकीच्या चुका थोडक्यात. खोकला थांबला म्हणून रोजचा पंप परस्पर बंद करू नका. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, मास्क असेल तर तोंडही पुसा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसलात तर आत औषध चिकटतं. मागच्या वेळचं उरलेलं प्रेडनिसोलोन स्वतःच्या मनानं देऊ नका.

माँटेलुकास्ट या दम्यावरच्या रोजच्या गोळीबद्दल वेगळं सांगते, कारण ती ‘स्टिरॉइड नसलेली, म्हणून निर्धोक’ समजून मागितली जाते. काही मुलांना ती उपयोगी पडते, पण रोजच्या प्रतिबंधासाठी सरासरीनं स्टिरॉइडच्या पंपाइतकी परिणामकारक नाही. शिवाय वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार अशा परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गोळी सुरू असताना मुलाचं वागणं बदललं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल वाक्य पुरं करू शकत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पंप की सिरप हा विचार तिथेच सोडा. स्पेसरमधून पफ देत देत थेट रुग्णालय गाठा. आणि नेहमीच्या भेटीला येताना पंप, स्पेसर, मास्क तिन्ही सोबत आणा.